रेडकरांची जागा

रेडकर कोणाच्याही घरी गेले की आधी भिंत वाजवून बघत. चपला काढायच्या, यजमानांना नमस्कार करायचा आणि मग उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून जवळच्या भिंतीवर टकटक. कान भिंतीला, डोळे मिटलेले. घरातली माणसं हातात पाण्याचे पेले घेऊन ताटकळत उभी. मग डोळे उघडून निकाल द्यायचे. "बरी आहे," किंवा "ओल धरलीय," किंवा नुसतंच एक "हं". त्या "हं"ने घरच्या बाईची त्या रात्रीची झोप जायची.

एकदा मनाम्यात कुलकर्णी नावाच्या इंजिनियरांकडे सत्यनारायण होता. बहरीनमधली निम्मी मराठी मंडळी आली होती. तीर्थाच्या रांगेत उभे असताना रेडकरांचा हात चुकून, म्हणजे मुद्दामच, मागच्या भिंतीवर पडला. टकटक झाली. तीर्थ घेऊन डोक्याला हात पुसत ते कुलकर्ण्यांना म्हणाले, "साहेब, ह्या भिंतीत पाइप फुटलाय."

कुलकर्णी घाबरट माणूस. पूजा उठली तशी त्यांनी भिंत फोडून घेतली. आत पाइप नवाकोरा. एक थेंब कुठे नाही. रेडकरांना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. घास न थांबवता म्हणाले, "आज नाय फुटला. फुटेल. भिंत आधी सांगते."

तर असे रेडकर. वेंगुर्ल्याकडच्या एका गावचे, पन्नाशीला टेकलेले, बुटके, घट्ट अंगाचे. मीना सलमान बंदरात जहाजं दुरुस्त करायचा कारखाना होता, त्याचे स्टोअरकीपर. मी कराडहून त्याच कारखान्यात हिशेबनीस म्हणून आलो तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. कारखान्याने आमची सोय मनाम्यातल्या एका खोलीत केली होती. खोलीत पाच खाटा, एक खिडकी, खिडकीत एक एसी, आणि तो एसी बंद पडू नये म्हणून त्याच्यावर लावलेला गणपती. रेडकरांची खाट दाराजवळ. पहिल्या दिवशी मी ट्रंक टेकवली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. विचारलं ते असं: "घर स्वतःचं की भाड्याचं?"

"वडिलांचं," मी म्हणालो.

"सातबारावर कोण?"

मला माहीत नव्हतं. रेडकरांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी वडिलांचंच नाव विसरलोय.

स्वतः त्यांच्या नावावर डोंबिवलीला एक फ्लॅट होता, कल्याणला एक होता आणि कुडाळच्या बाजारपेठेत दुकानाचा गाळा होता. तिन्हीकडे भाडेकरू. माणसं रजेवर गेली की देवाला जातात, सासरी जातात. रेडकर साइट बघायला जायचे. रजेहून आले की आम्ही त्यांच्याभोवती बसायचो आणि ते कुठल्या कुठल्या बिल्डरला कसं गप्प केलं ते सांगायचे. "जागा घेणारा माणूस जागा पायजे," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे.

"आधी संडास बघ," ते मला सांगायचे. "दिवाणखाना काय, कोण पण चांगला करता. तो पावण्यांसाठी असतो. ज्याने संडास नीट बांधला त्याने पाया पण नीट घातलाय समज."

"रंग ताजा दिसला तर तो कुठे कुठे दिलाय ते बघ. सगळ्या घराला दिला असेल तर ठीक. एकाच कोपऱ्याला दिला असेल तर यल्ला, निघ तिथून."

"पाणी किती वेळ येतं ते बिल्डरला विचारू नये. शेजारणीला विचारावं. शेजारीण बाकी सगळ्याबद्दल खोटं बोलेल, पाण्याबद्दल नाय."

"स्टेशन हाकेच्या अंतरावर म्हणून लिहितात. कोणाच्या हाकेच्या, ते विचार. नायतर दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घे आणि स्वतः चालून बघ."

"बिल्डिंग तुझी. बरं. खालची जमीन कोणाची? नाय माहीत? कागद मफी तर घर मफी. खलास."

मफी म्हणजे नाही. बहरीनमध्ये आलेल्या प्रत्येक माणसाला पहिल्या आठवड्यात येणारा अरबी शब्द. रेडकरांनी त्याचा उपयोग थेट जमिनीच्या व्यवहारासाठी केला.

मोठ्या एका घरापेक्षा लहान दोन घ्यावीत, हे त्यांचं ठाम मत. एक रिकामं पडलं तर दुसरं चालू राहतं. वरचा मजला घेऊ नये, गळतो. तळमजला घेऊ नये, तुंबतो. नातेवाइकाला भाड्याने देऊ नये, तो भाडं देत नाही आणि वर लग्नाला आहेर मागतो. एकट्या बाप्याला तर जागा मुळीच देऊ नये. हे ते आम्हा चार एकट्या बाप्यांना, स्वतः पाचव्या खाटेवर बसून सांगत.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र ते कोणाचं ऐकत नसत. "भाडं चार दिवस उशिरा आलं तर चालेल. नळ गळतो म्हटल्यावर त्याच दिवशी माणूस गेला पायजे. गळका नळ आणि रडकं पोर. वेळेवर बघितलं नाय तर शेजारी गोळा होतात." एकदा डोंबिवलीच्या भाडेकरूची मोरी तुंबली. रेडकर टेलिफोन ऑफिसात गेले, त्यांनी मेव्हण्याला ट्रंक कॉल लावला आणि इथून, अरबी समुद्राच्या पलीकडून, तिथल्या प्लंबरला मार्गदर्शन केलं. "डावीकडे फिरव! डावीकडे! अरे मेल्या, माझी डावी नव्हे, तुझी डावी!" ऑफिसातले पठाण, मल्याळी, अरब सगळे आपापले फोन ठेवून ऐकत उभे राहिले. मोरी मोकळी झाल्याचं कळलं तेव्हा एका पठाणाने त्यांच्याशी हात मिळवला.

मला स्थळं येऊ लागली तेव्हा त्यांनी त्यातही लक्ष घातलं.

"कुठलं स्थळ?"

"सातारचं."

"स्टँडपासून किती लांब?"

"रेडकर, मुलगी बघायचीय."

"तेच विचारतोय. रोज यायजायचं आहे तुला."

माझं लग्न झालं. महिनाभर कराडला राहिलो आणि बायकोला आईजवळ ठेवून परत खाटेवर आलो. तेव्हा सगळेच असं करायचे. त्यात काही सांगण्यासारखं आहे असं कोणाला वाटत नसे.

लग्न करून आल्यावर एक प्रश्न मला पडायला लागला. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, रेडकर दाढी करत होते तेव्हा विचारलाच. "तुमच्या तीन जागा. तिन्हीकडे भाडेकरू. मग रजेवर गेल्यावर तुम्ही राहता कुठे?"

"कुठे म्हणजे? गावी. तिथे जुनं घर आहे. आई असते, बायको असते, मुलगी असते." 'असते' हे त्यांनी तिन्ही वेळा सारख्याच आवाजात म्हटलं. मग आरशात बघत म्हणाले, "ती काय प्रॉपर्टी नव्हे. ते नुसतं घर."

बहरीनला यायच्या आधी रेडकर मुंबईच्या गोदीत होते. तेव्हाही बायको गावीच होती. गोदीतून दर शिमग्याला आणि गणपतीला, आणि इथून दोन वर्षांनी एकदा, असा त्यांचा संसार. सगळ्या रजा एकीला एक जोडल्या असत्या तर जेमतेम नव्या नवरा-नवरीचा संसार झाला असता. एवढ्यात मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं. त्याच्या आधीच्या पावसात आई गेली. तिच्या वेळी रेडकरांना विमान मिळालं नव्हतं.

आणि मग एक दिवस त्यांच्या शेजारच्या गावचा एक ड्रायव्हर रजा संपवून आला. त्याने आमच्या खोलीत आंब्याची पेटी ठेवली आणि सगळ्यांसमोर निरोप सांगितला.

"वहिनी म्हणाल्यात, घरात आता माझ्याशिवाय कोण नाय. तुम्ही येवक नाय तर मी येतंय. व्हिसाचा काय ता बघा."

रेडकरांनी पेटी उघडली, एक आंबा काढला, हुंगला आणि परत ठेवला.

"येते म्हणजे?" ते म्हणाले. "राहील कुठे?"

तीन जागांचा मालक हे विचारत होता. आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

कारखान्याच्या मॅनेजरने तीन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा करून दिला. आता तेवढ्यापुरती भाड्याची जागा बघायची होती. आम्हाला वाटलं, रेडकरांना हा हातचा मळ. जागा दाखवायला हनीफ काझी होता. राजापूरचा, एका अरब व्यापाऱ्याकडे क्लार्क, आणि संध्याकाळी आपल्या माणसांना घरं शोधून देणारा. मीही त्यांच्याबरोबर हिंडायचो.

पहिली जागा मनाम्यातच होती, बाजारामागे. रेडकरांनी भिंत वाजवली, नळ सोडला, मोरीत वाकून बघितलं. "जिना उंच आहे. तिचे गुडघे दुखत असतील."

"दुखतात का?" काझीने विचारलं.

रेडकरांनी नळ बंद केला. "असतील. ह्या वयात दुखतात बायकांचे."

दुसऱ्या जागेत स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला होती. दुपारचं ऊन थेट ओट्यावर. "तिला उन्हाचा त्रास असेल." तिसऱ्या जागेसमोर मशीद होती. "पहाटे बांग होईल. ती लवकर उठते की उशिरा..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. चौथी जागा छान होती. रेडकरांना तिच्यात काहीच खोट सापडेना, तशी ते आणखीच बेचैन झाले. म्हणाले, "एवढी चांगली जागा रिकामी कशी राहिली? काहीतरी असणार."

असं महिनाभर चाललं. शेवटी काझी भर रस्त्यात थांबला. "रेडकर, तुम्हांला घर हवंय का घराची पत्रिका हवीय? बाई विमानात बसेल आणि तुम्ही अजून भिंतींना नमाज करत फिराल."

रेडकर चिडले नाहीत. काझी पुढे गेल्यावर मला हळू आवाजात म्हणाले, "माने, भाडेकरूसाठी जागा बघताना मला दोन मिनिटं लागतात रे. त्याला काय पायजे ते मी चेहऱ्यावरून सांगतो. हिला काय पायजे ते..." आणि त्यांनी हात हलवून मफीची खूण केली.

विमान आठवड्यावर आलं तेव्हा काझीने त्यांना न विचारता मनाम्याजवळच्या जिदहफ्सला एक जागा ठरवून टाकली. एका अरब कुटुंबाच्या घराचा वरचा मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे खजुराची बाग. वरचा मजला म्हणून रेडकर काही बोलणार होते, पण काझीने किल्ली त्यांच्या खिशात घातली आणि तो निघून गेला.

वहिनींना आणायला मी विमानतळावर गेलो होतो. उंच, काटक बाई. नऊवारी, हातात कापडी पिशवी, काखेत बांधून आणलेलं फणसाच्या साठांचं पुडकं. रेडकर पुढे झाले आणि म्हणाले, "प्रवास ठीक झाला?" एखाद्या ऑडिटरला विचारतात तसं. वहिनी म्हणाल्या, "झालो." मग दोघं गाडीत दोन खिडक्यांना बसली आणि जिदहफ्स येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

जागेत शिरल्यावर रेडकर सवयीने भिंतीकडे गेले. वहिनी थेट स्वयंपाकघरात. मी सामान वर चढवेपर्यंत आतून स्टोव्हचा आवाज यायला लागला होता. चहाचे कप घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा नवरा कान लावून उभा होता.

"काय म्हणता भित?"

"बरी म्हणते," रेडकर म्हणाले.

"मगे हात धुवा. चाय घेवा."

त्या तीन महिन्यांत मी बऱ्याच शुक्रवारी तिथे जेवायला गेलो. वहिनींनी पहिल्या आठवड्यातच खालच्या घरमालकिणीशी, उम्म हसनशी, मैत्री केली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. उम्म हसन खालून भात पाठवायची, वहिनी वरून घावणे. दोघी बागेच्या कडेला बसून मासे साफ करायच्या, एकमेकींच्या सुरीला नावं ठेवायच्या आणि हसायच्या. वहिनींना इथली माणसं आवडली, खजूर आवडले, मासे तेवढे आवडले नाहीत. "ह्या हामूराक दर्याची चवच नाय. टाकीत वाढवल्यासारखो लागता."

रेडकरांचं मात्र काही जमेना. खिशात किल्ली असून ते दाराची बेल वाजवायचे. आत आल्यावर विचारायचे, "पाणी मिळेल का?" जेवण झालं की म्हणायचे, "थँक यू." त्यांचे कपडे ट्रंकेतच होते आणि ट्रंक खाटेखाली. कपाटाचं एक दार वहिनींनी त्यांच्यासाठी मोकळं ठेवलं होतं, तिथे नुसता हँगर लोंबत होता. पहाटे उठून ते सगळ्या बादल्या भरून ठेवायचे, कारण मनाम्याच्या खोलीत सकाळी पाणी जायचं. इथे दिवसभर यायचं. एका शुक्रवारी वहिनींनी मला त्यांचं ताट उलटं करून दाखवलं. मागे खिळ्याने कोरलेलं होतं, ग. रे. आमच्या मेसमध्ये ताटं बदलू नयेत म्हणून सगळे कोरायचे.

"घरात माणसां दोन," त्या म्हणाल्या. "त्यातलो एक आपल्या ताटार नाव घालता."

त्या हसत होत्या. रेडकरही हसले. ताट त्यांनी वळवून सुलटं केलं आणि वहिनींनी वाढलेला भात मुकाट्याने खाल्ला.

मग एका दुपारी मला बरं वाटत नव्हतं म्हणून कामावरून लवकर खोलीवर आलो. दार उघडलं तर रेडकर त्यांच्या जुन्या खाटेवर गाढ झोपलेले. शिफ्टवरून आलेले दोघं मोठ्याने रेडिओ लावून भांडत होते, एसी खडखडत होता, आणि हा माणूस तोंड उघडं टाकून घोरत होता. उठल्यावर मला बघून ओशाळले.

"किती दिवस येताय इथे?"

"दुपारच्या सुट्टीत येतो. तासभर." त्यांनी डोळे चोळले. "तिकडे झोप लागत नाय, माने. शांत असतं फार. आणि मधेच स्वयंपाकघरात भांडं वाजतं, की मी दचकून उठतो. वाटतं, घरात कोणीतरी आहे."

"अहो, वहिनी आहेत."

"तेच ना," रेडकर म्हणाले.

हे त्यांना वाटत होतं तेवढं लपलेलं नव्हतं. वहिनी रात्री जाग्या असणारच की. शेजारचा माणूस छताकडे बघत पडलाय हे कळायला भिंत वाजवावी लागत नाही. पण त्यांनी त्यावरून भांडण काढलं नाही, की विचारलं नाही. शेवटच्या आठवड्यात त्या दुपारी भांडी घासायच्याच थांबल्या. सगळं संध्याकाळवर ठेवायच्या आणि दुपारभर खाली उम्म हसनकडे जाऊन बसायच्या, म्हणजे घर रिकामं राहील आणि ह्यांना झोप लागेल. रेडकरांना तरी झोप लागली नाही.

व्हिसा संपला. विमानतळावर उम्म हसनही आली होती, काळ्या अबायात, डोळे पुसत. तिने वहिनींच्या हातात खजुराचा डबा दिला. वहिनींनी तिला मिठी मारली. मग नवऱ्याकडे वळल्या. त्याला मिठी मारायची आपल्याकडे पद्धत नाही. रेडकर पिशवी हातात धरून उभे होते. "पोचल्यावर कळव," असं काहीतरी म्हणाले.

वहिनींनी पिशवी घेतली. रागावलेल्या नव्हत्या. लहान मुलाला समजावतात तसं, हळू म्हणाल्या, "तुमका घरां घेवक जमता. घरात रवाक जमना नाय." आणि आत गेल्या.

रेडकर दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन खोलीवर आले, दाराजवळच्या खाटेवर चादर घातली. आम्हाला वाटलं, संपलं. पण त्या दिवसापासून रेडकरांचं बोलणं कमी झालं. नव्याने आलेल्या एका मुलाने पनवेलला प्लॉट घ्यावा का म्हणून विचारलं, तर "बघ बाबा, तुला बरं वाटेल ते" म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आणि शुक्रवारी सकाळी आंघोळ करून ते कुठेतरी जायला लागले. विचारलं तर "काम आहे" म्हणायचे. संध्याकाळी परत यायचे, तोंडाला कांद्याचा वास, बोटाला कधी भाजल्याचा फोड.

शेवटी काझीकडून कळलं. जिदहफ्सची जागा त्यांनी सोडलीच नव्हती. वहिनींना जाऊन चार महिने होत आले होते. कोणी राहत नसलेल्या घराचं भाडं ते भरत होते. काझी म्हणाला, "मी विचारलं, पोटभाडेकरू बघू का? तर माझ्या अंगावर आले."

पुढच्या शुक्रवारी मी न सांगता गेलो. खाली उम्म हसन केर काढत होती, तिने वर बोट दाखवलं आणि मान हलवली. दार उघडंच होतं. रेडकर स्वयंपाकघरात पंचा गुंडाळून उभे होते, समोर तव्यावर घावण्याचे तुकडे. खोलीत त्यांचे सदरे कपाटात टांगलेले. खाटेखाली ट्रंक नव्हती.

मला बघून त्यांनी विस्तव बारीक केला. "ये. बस. एक नीट निघाला तर तुला देतो."

"हे काय चाललंय?"

"काय नाय." त्यांनी तवा पुसला, पुन्हा पीठ ओतलं. तेही फाटलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सवय करतोय. घरात राहायची. पुढच्या गणपतीला मी कायमचा जातोय. राजीनामा दिलाय मॅनेजरला. ह्या वयात तिकडे जाऊन पावण्यासारखा बसलो, तर ती किती दिवस वाढणार? मग इथेच थोडं थोडं करून बघतो. शुक्रवारी येतो. दार उघडून आत येतो, बेल वाजवत नाय. कपडे कपाटात. स्वयंपाक येत नाय, पण कुठे काय असतं ते तरी कळतं. खालची बाई दर वेळी विचारते, कधी येणार ती. मी म्हणतो, इंशाल्ला."

आणि ते गेलेही. गणपतीच्या आधीच गेले. कुडाळ, डोंबिवली, कल्याण, सगळीकडे भाडेकरू तसेच ठेवून गावच्या घरी गेले, आणि तिथे त्यांचं ठीक चाललंय असं त्या ड्रायव्हरने मला सांगितलं. पण ते नंतर. त्या दिवशी आम्ही फाटके घावणे खाल्ले, चहा घेतला. ऊन वर आलं होतं, मागच्या बागेत कोणी नव्हतं. मी निघायला उठलो तसे रेडकर म्हणाले, "थांब जरा. घाई आहे?"

"नाही."

"एक काम करशील?" बोलायला त्यांना जड जात होतं. "मी आतल्या खोलीत पडतो. दार उघडं ठेवतो. तू इथे जरा भांडी घास. हळू नको. बाई माणूस जसं वाजवते तसं वाजव. मी एकटा असतो तेव्हा हेच तेवढं करता येत नाय."

ते आत जाऊन कुशीवर झाले, भिंतीकडे तोंड करून. मी मोरीपाशी बसलो. कराडला माझी बायको या वेळी काय करत असेल, दुपारी झोपते की नाही, हे मला माहीत नव्हतं. मी पातेलं उचललं, पाणी ओतलं, पावडर घेतली. झाकण निसटून फरशीवर पडलं. आत खाट करकरली. रेडकर उठून बसले असणार. मी थांबलो नाही. दुसरं पातेलं घेतलं, मग तवा, मग दोन्ही कप. बऱ्याच वेळाने खाट पुन्हा करकरली, आणि मग काहीच आवाज येईना.

भांडी संपली होती. डोकावून बघितलं. रेडकरांचा एक हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि श्वास लांब, सावकाश चालला होता. मी मागे वळलो, घासलेली दोन्ही पातेली पुन्हा मोरीत ठेवली आणि नळ सोडला.